कोरड्या धबधब्यावरची तहकूब सभा

दोर मध्येच थांबला. खाली दरी, वर कडा, मधे मी. कड्यावरून आपले सासरे, बद्रीनाथमामा, ओरडले, "राधाकिशनराव, हलू नका. जरा नियम आडवा आलाय."

सुंदरराव, नमस्कार आधी घालायचा असतो, पण तेव्हा हात मोकळे नव्हते. आता घालतो. तुमचा गुडघा कसा आहे? माझे खांदे सोडले तर इकडे सर्व क्षेम. आपण साडू, एकाच घरचे जावई. हे तुम्हालाच सांगता येतं.

अधिक महिन्याचे धोंडे खायला मी डोंगरावर गेलो होतो. (धोंडे उत्तम. तूप बेताचं, जनावरं छावणीला आहेत.) हात धुताच मामा म्हणाले, चला, धबधबा पाहू. मी म्हणालो, पाणी नाही. ते म्हणाले, म्हणून तर. पाणी असलं की धबधबा झाकलेला असतो, आतून तो दुष्काळातच दिसतो. मामांची दूध संस्था तुम्हाला माहीत आहे. दूध आटल्यावर त्यांनी ती पर्यटन संस्था केली, आणि मी पहिला पर्यटक. पण बाकी सभासद जनावरांमागे गेलेले. गावात उरले अध्यक्ष मामा आणि सचिव बसवराज (किराणा दुकानवाले). वर्षभर सभा नाही. महिनाअखेर झाली नाही तर संस्था बंद होणार, या धास्तीनं मामा निम्मे झालेत.

तर मला दोरानं खाली सोडलं, आणि मी निम्म्यात असताना बसवराजांना आठवलं की विहिरीचा गाळ काढायचा हा दोर संस्थेचा आहे, आणि तो फक्त सभासदाला वापरता येतो. वर घेणं हाही वापरच. म्हणून मला सभासद करायचं ठरलं. त्यांनी दोर लिंबाला बांधून तिथेच सभा भरवली. गणपूर्तीला तिघं लागतात, हजर दोघं. सभा अर्धा तास तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मात्र ती त्याच ठिकाणी भरावी लागते. म्हणून मीही त्याच ठिकाणी. मधे त्यांनी मला चहा विचारला. पोचवायची सोय नव्हती. त्यांनी घेतला.

अर्ध्या तासानं मी सभासद झालो. पण तिसरा सभासद म्हणजे पूर्ण सभा. असा योग पुन्हा कुठला? मामांनी तुंबलेले सगळे विषय काढले. मतदान हात वर करून. कमरेचा फास सैल, दोर दोन्ही हातांनी धरलेला. मी एक हात वर केला आणि वीतभर खाली गेलो. पेंडीच्या विषयाला मला विरोध करायचा होता, पण विरोधालाही हातच वर करावा लागतो.

शेवटचा विषय मला वर काढण्याचा. तेवढ्यात टँकरवरून बायका आल्या. सासूबाईंनी घागर ठेवून खाली वाकून पाहिलं.

"कावून टांगलंय त्यान्ला? जावयाला धोंडे खायला बोलावलं का बोकडावानी लटकवायला?"

"थांब की. ठराव व्हायचा हाय अजून."

"ठराव घाला चुलीत! धरा गं दोर!"

त्या सभासद नाहीत. मी वर आलो.

कड्याची आतली बाजू खरोखर पाहण्यासारखी आहे.

तुमचा,
राधाकिशन

ता. क. संस्थेला आणखी एक सभासद हवा आहे. मी तुमचं नाव सुचवलंय. धोंड्याचं आवतण येईलच. वजन आधी कळवा.

ता. क. दुसरा. शेवटच्या ठरावाआधीच मला वर काढल्यामुळे सभा अपुरी ठरली. मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा खाली उतरलो, ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि मला रीतसर वर घेण्यात आलं.