एकोणीस एकांची संख्या

आई, तुझी ती संख्या तुटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. बाकीचं सावकाश लिहिते.

लालबागच्या चाळीत आपली खोली एकोणीस नंबरची, म्हणून तू एकापुढे एक असे एकोणीस एक मांडलेस आणि म्हणालीस, ही आपली संख्या. स्वतःशिवाय आणि एकाशिवाय हिला कशानेच भाग जात नसेल, तर ही मूळ संख्या. शाळेत दिवसभर गणित शिकवून तुझं पोट भरत नसे. संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसलीस की परातीतल्या तांदळाच्या पिठात बोटाने भागाकार सुरू. मी समोर बसलेय, शेवटची वजाबाकी माझी. "काय उरलां गो?" तू विचारतेस. "एक." "मगे फुडलो घे." सातने भागलं, एक उरला. अकराने, एक. तेराने, पुन्हा एक. पण पिठातलं गणित भाकरीबरोबर तव्यावर जायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुठवर आलो होतो ते दोघींनाही आठवायचं नाही. तेराने आपण किती वेळा भागलं असेल, देव जाणे.

सात एकांची संख्या मात्र तू तोडलीस. दोनशे एकोणचाळीसने नेमका भाग गेला, त्या नादात भाकरी करपली, आणि शेजारच्या काकूंना बोलावून तू परातीतलं शून्य दाखवलंस. "बरां झालां," त्या म्हणाल्या, "पण पोरीक जेवूक काय घालतलंस?" मग आपलीही तुटेल, असं मी म्हटलं, तर तुझा चेहराच उतरला. "आपली तुटाची नाय." तुला ती अख्खी हवी होती. शेवटी हॉस्पिटलातही मला जवळ बोलावून म्हणालीस, "खरां काय ता कळलां तर माका सांग गो."

तर कळलं. गेल्या रविवारी तुझ्या नातीने लॅपटॉपवर एकोणीस एक टाइप केले, आणि माझा चहा निवायच्या आत उत्तर आलं. मूळ संख्या. मी हसता हसता रडले. "आई, एवढं काय त्यात?" ती म्हणाली. मशीनवर तुझ्यासारखाच माझाही विश्वास नाही, म्हणून मी एकोणीसने भागून पाहिलं. एक उरला. फार बरं वाटलं.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि आम्ही तेविसाव्या मजल्यावर राहतो. पोरीने लगेच विचारलं, "तेवीस एक टाकून बघू?" मी लॅपटॉप मिटला. काल भाकऱ्या करताना परातीत तेवीस एक लिहिले, दोन ओळी लागल्या. सातने भागलं, दोन उरले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून खरं सांगते. या वेळी मला उत्तर नकोच आहे. मी तेरापर्यंत जाणार, आणि कुठवर आले होते ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम विसरणार.