सोल तीन तासांवर आहे

उलानबातर, १४ नोव्हेंबर

प्रिय सारनाई,

हिवाळा बरा सुरू झाला ना? इकडे नदी गोठली. सकाळी कोळशाच्या धुरात समोरची इमारत दिसत नाही. आम्ही दोघी ठीक आहोत. शेजारचा त्सेंद उद्या सोलला येतोय, त्याच्याबरोबर वाळवलेलं दही आणि हे पत्र देते. फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुझी लेक भिंतीपलीकडून ऐकत असते.

गेले काही रविवार खुलानचा घसा बसलाय, असं मी तुला सांगितलं. घसा बसलेला नाही. तिला तुझ्याशी बोलायचंच नाही.

शाळेत भूगोलाच्या बाईंनी नकाशावर विमानांचे मार्ग काढायला लावले. खुलान घरी आली आणि बूट न काढताच म्हणाली, "मावशी, आपल्याच देशात हॉव्दला काकांकडे जायचं तर बसमध्ये अख्खा दिवस आणि रात्र जाते. आईकडे कोरियाला जायला विमानाने तीन तास लागतात."

"हो," मी म्हटलं.

"आई तर म्हणायची, फार लांब आहे म्हणून येता येत नाही."

तू तसं सांगितलंस आणि मी त्याला मान डोलावली. एवढ्याशा पोरीला व्हिसा संपणं म्हणजे काय, ते आपण कसं समजावणार होतो?

मागच्या शनिवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून ती निघाली आणि संध्याकाळ झाली तरी आली नाही. मग विमानतळावरून फोन आला. एकटीच बसने गेली होती. मी पोचले तेव्हा प्रवासी बाहेर येतात त्या दाराशी उभी होती, हातात कुणीतरी दिलेला चहा. तिथली पहारेकरी बाई मला म्हणाली, "आई असून लक्ष नाही होय? पोर सकाळपासून इथं उभी आहे."

खुलान तिला म्हणाली, "ही आई नाही, मावशी आहे. आई सोलच्या विमानाने येईल."

खरं तेच बोलली. तरी मला लागलं, सारनाई. इतकी वर्षं तिच्या वेण्या मी घालते आहे.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. तुझ्या कागदांची मुदत संपलीय, एकदा बाहेर पडलीस की परत घेणार नाहीत, सापडलीस तर तिथले पोलीस स्वतःच इकडे पाठवून देतील. ती जेवता जेवता थांबली.

"मग सापडू दे ना," ती म्हणाली. "त्यांना फोन कसा करायचा?"

मी तिला मारलं. आजवर कधी बोट लावलं नव्हतं. ती रडली नाही, ताट उचलून आत गेली.

तुझी बाजू घेऊन मारलं असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. तू खरंच आलीस तर ती तुझ्यामागे निघून जाईल, या धास्तीने माझा हात उठला. तू दर वेळी विचारायचीस, "ताई, येऊ का?" आणि मी म्हणायचे, "आणखी एक वर्ष काढ, इथे काम कुठे आहे?" इथे काम नाही, हे खरंच आहे. पण तेवढंच कारण नव्हतं.

आता म्हणते, ये. परत जाता येणार नाही हे माहीत असून म्हणते. मी शिवणकाम वाढवीन, तुलाही काहीतरी मिळेल. यायचं नसेल तर रविवारी तिला तसं तूच सांग. मात्र लांब आहे असं सांगू नकोस.

आणि आलीस तर लगेच तिला घेऊन वेगळी राहू नकोस. हा हिवाळा तरी इथेच काढा.

तुझी ताई,
डुल्मा