कोकमाच्या बाटलीची चौकशी

बोरिवली, २१ जून

ती. शुभामावशीस देवदत्तचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? गरम पाण्याच्या पिशवीचा उपयोग होतोय ना? तुला भेटायला मुलुंडला यायचं म्हणून तीन रविवार ठरवले आणि तिन्ही विद्यापीठाने खाल्ले. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस, आणि आमच्याकडच्या कुठल्याही गोष्टीला मुद्द्यावर यायला चार महिने लागतात.

आमच्या प्रयोगशाळेत मालनबाई म्हणून मदतनीस आहेत. बुरशीशास्त्राचा प्राध्यापक मी, पण नजरेने बुरशी ओळखतात त्या. चौदा वर्षं कंत्राटावर आहेत. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने रुजू व्हायचं. (मागच्या वेळी ‘नवीन कर्मचाऱ्यांचं स्वागत’ या कार्यक्रमात त्यांना गुलाबाचं फूल मिळालं. त्यांना तिथे घेऊन जाणारा शिपाई त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी लागलेला.) गेल्या वर्षी श्रावणात साकीनाक्याचे काशीराम नावाचे गृहस्थ त्यांच्या गावच्या बागेतल्या कुजलेल्या सुपाऱ्या पिशवीत घालून आले. मालनबाईंनी रोग ओळखला, औषध सांगितलं, बाग वाचली. काशीरामांचा साकीनाक्याला दोन शटरांचा कारखाना आहे. त्यांनी खूश होऊन फेब्रुवारीत स्वतःच्या हाताने एक पेटी बनवली. आत बुरशी वाढवायची, तापमान अर्धा अंशसुद्धा इकडचं तिकडे होत नाही. अशी पेटी आम्ही विद्यापीठाकडे नऊ वर्षं मागतोय गं! ती त्यांनी टेम्पोतून आणून दिली, फुकट, आणि जाता जाता मालनबाईंच्या हातात घरच्या कोकम सरबताची एक बाटली ठेवली.

आता संशोधनासाठी आलेली कुठलीही भेट आम्हांला नुसती घेता येत नाही. त्यासाठी देणगी स्वीकृती समिती आहे आणि समितीचा अकरा पानी फॉर्म आहे. सातव्या पानावर प्रश्न होता, ‘देणगीदाराने कर्मचाऱ्यास व्यक्तिशः काही दिले आहे काय?’ मी म्हटलं, “नाही लिहा.”

मालनबाई म्हणाल्या, “दिलंय ना, सर. मग नाही कसं लिहू?” आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘होय. कोकम सरबत, एक बाटली.’

झालं! वाट लागली. आस्थापना विभागातल्या किरणने ती बाटली ‘सीलबंद’ अशी नोंद करून, फोटो काढून कपाटात ठेवली. पेटी व्हरांड्यात गुंडाळलेली राहिली. मुलं तिच्यावर हेल्मेट ठेवू लागली. एप्रिलमध्ये मालनबाईंचे अकरा महिने संपले आणि एक दिवस घरी बसायच्या त्या घरीच राहिल्या, कारण चौकशी बाकी. मी किरणला म्हटलं, अरे मग चौकशी उरका. तो शांतपणे म्हणाला, “सर, त्या आता कर्मचारी नाहीत, म्हणून चौकशी करता येत नाही. आणि चौकशी झाल्याशिवाय कर्मचारी करता येत नाही.” (हे बोलताना तो वेफर्स खात होता. मला एक देऊ केला. मी घेतला, याची आता लाज वाटते.) मालनबाई दोन महिने गोरेगावात जावेकडे साड्यांना फॉल लावत बसल्या आणि इकडे माझ्या निम्म्या बुरश्या मेल्या.

शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात समिती बसली. अध्यक्ष प्रबुद्ध सर, पांढरा शर्ट, समोर टेबलावर पुरावा. त्यांनी बाटली नुसती उचलली आणि धडाम! बूच छताला, सरबत शर्टावर, फायलींवर, पंख्यावर आणि पंख्यावरून उरलेल्या सगळ्यांवर. विषय एकदम गंभीर झाला. बाटली विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत तपासावी, असं ठरलं. बुरशीची प्रयोगशाळा एकच, आमची. मी त्या प्रकरणात गुंतलेला, म्हणून मी हात लावायचा नाही. तपासायला माणूस नाही, म्हणून एका दिवसाची खास नेमणूक झाली. कोणाची, सांग. मालनबाईंची! आदेशावर चौघांच्या सह्या होत्या, एकालाही काही खटकलं नाही.

त्यांनी दुसऱ्या दिवशी समितीसमोर अहवाल वाचला. बाटली कपाटात ठेवल्यानंतर उघडली गेली. थोडं सरबत कमी झालं आणि तेवढंच पाणी वरून घातलं गेलं. पातळ झाल्यामुळे ते आंबलं.

“उघडली कोणी?” प्रबुद्ध सरांनी विचारलं.

“बुरशी सांगते तेवढं मी सांगते, सर. माणसांचं तुम्ही बघा.”

किरणने उपकुलसचिवांकडे बघितलं. उपकुलसचिवांनी पंख्याकडे बघितलं. कपाटाची किल्ली ज्यांच्या ज्यांच्याकडे असते ते सगळे त्याच खोलीत होते. दहा मिनिटांत बाटली नष्ट करण्याचा, पेटी स्वीकारण्याचा आणि मालनबाईंना उद्यापासून रुजू करून घेण्याचा ठराव झाला. चार महिन्यांत झालं नाही ते दहा मिनिटांत! अर्थात, पुन्हा अकरा महिन्यांसाठीच.

असो. काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
देवदत्त

ता. क. बाटली मीच उघडली होती. मे महिन्यात मालनबाईंच्या नेमणुकीसाठी गेलो, तर मला आस्थापना विभागात तीन तास बसवून ठेवलं होतं. किरण जेवायला गेलेला, किल्ली कपाटालाच, घसा कोरडा, डोकं तापलेलं. फक्त अर्धा ग्लास घेतलं गं. मग कमी दिसायला लागलं, म्हणून कुलरचं पाणी ओतलं. समितीत मी मान खाली घालून बसलो होतो. बाहेर आल्यावर मालनबाई हळूच म्हणाल्या, “सर, पाणी घालायचंच होतं तर उकळून गार केलेलं घालायचं.” त्यांना कसं कळलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाटली तपासण्यात गेलेले ते दोन-चार दिवस तरी माझ्यामुळेच वाढले.

ता. क. २. प्रयोगशाळा मदतनीसाची एक कायम जागा निघाली आहे, शेवटची तारीख ३० जून. चौदा वर्षांतल्या प्रत्येक एका दिवसाच्या खंडावर बोट ठेवून अर्ज फेटाळतील. तू सरकारी कचेरीत एकतीस वर्षं असेच अर्ज फेटाळलेस, तेव्हा फेटाळता येणार नाही असा अर्ज फक्त तूच लिहू शकतेस. येत्या रविवारी अकरा वाजता मी मालनबाईंना कागदपत्रांसकट घेऊन येतोय. तूच बोलावलं आहेस असं त्यांना सांगितलंय, तेव्हा दार उघडल्यावर आश्चर्य दाखवू नकोस.