बेंदराच्या बैलावरची हुमणी

आबा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच आहे. तरी लिहायला बसलोय, कारण परवाच्या बेंदराला गावात तुमची एक लबाडी उघडी पडली. पण आधी माझ्या बैलाचं सांगतो, सुरुवात तिथून झाली.

तुम्ही फौजेतून हवालदार होऊन परत आलात, कुंडलजवळ ऊस लावलात आणि पहिल्याच सालात हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्ली. तेव्हापासून तुमचा जगात एकच वैरी. पावसाच्या तोंडावर तिचे तपकिरी भुंगेरे कडुलिंबावर बसले की तुम्ही अख्ख्या घराला रांगेत उभं करायचात. फांद्या हलवायच्या आणि पडतील तेवढे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. मी मात्र एखादा तळहातावर घेऊन त्याच्या मिशा बघत बसे. टोकाला पाकळ्या असतात, पंख्यासारख्या उघडतात. ‘बघतोस काय, सासरा हाय का तुजा?’ तुम्ही मागून ओरडायचात.

बारावी झाली आणि मला भरतीला पळायचं होतं, म्हणजे तुम्हाला मला पळवायचं होतं. मला साताऱ्याला चित्रकला शिकायची होती, पण ते बोलायची छाती नव्हती. त्या बेंदराला बैल रंगवायचं काम माझ्याकडं आलं. लोक ठसे उमटवतात, फुलं काढतात. आपला खिलार पांढराशुभ्र. एवढा मोठा कागद मला जन्मात मिळाला नव्हता. भान सुटलं आणि मी त्याच्या पोटावर हातभर भुंगेरा काढला, पायांवरच्या काट्यांसकट.

मिरवणूक वेशीत येते आणि हलगीवाल्याचा हातच थांबतो. तो ओरडतो, ‘आवं हवालदार, ज्यानं ऊस खाल्ला त्यालाच बैलावर बशिवलाय व्हय!’ सारं गाव हसतंय. मला वाटतं, आता चाबूक बैलावर नाही, माझ्यावर पडणार. तुम्ही मिशीवरून हात फिरवता. ‘हसताय काय? दुश्मनाचा फोटू हाय त्यो. फौजेत आदी वळख शिकवत्यात. बगून घ्या नीट!’ आणि खरंच माणसं वाकून बघायला लागतात.

घरी आल्यावर बैलाला पाणी दाखवता दाखवता तुम्ही म्हणालात, ‘दुश्मनाला कुनी इतका देखना काढतं का रं?’ मग दावं खुंट्याला बांधलंत आणि म्हणालात, ‘जा साताऱ्याला.’

शिकून झालं आणि मी पुस्तकांसाठी किड्यांची चित्रं काढायला लागलो. पण पोरगा किडे रंगवतो हे चारचौघांत सांगणार कसं? तुम्ही ठोकून दिलंत, ‘शेतकी खात्यात हाय.’ सुट्टीला आलो की माणसं मावा पडलेली पानं घेऊन दारात हजर. ‘सायेब, काय फवारू?’ मी घाम पुसत काहीबाही सांगायचो आणि तुम्ही शेजारी सावधान उभे. मला भयंकर राग यायचा. वाटायचं, यांना माझी लाज वाटते. तुम्ही गेलात तेव्हाही मी हेच धरून बसलो होतो.

परवा बेंदराला गेलो. आता बैल नाहीत. भावानं ट्रॅक्टरलाच हळदकुंकू वाहिलं. पलीकडच्या मळ्यातले तुमचे दोस्त तात्या तिथं भेटले. एकदाचा धीर केला आणि सांगितलं, ‘तात्या, मी शेतकी खात्यात कवाच नव्हतो. मी किड्यांची चित्रं काढतो.’

म्हातारा इतका हसला की कवळी सांभाळावी लागली. ‘आरं, ते समद्या गावाला ठावं हाय! तुजी छापलेली चित्रं पिशवीत घालून घरोघर फिरायचा की तुजा बा. च्या पिऊन झाला की काढायचा भाईर. म्हनायचा, बगा, पोराचं खात्याचं काम. त्याचं तोंड असं फुललेलं, मग आमी बी व्हय व्हय म्हनायचो.’

ट्रॅक्टरपुढं उभ्या उभ्या मला रडू फुटलं. तात्यांनी पाठीवर थाप मारली आणि डोळा मिचकावून विचारलं, ‘मग सायेब, रिटायर कवा?’

आबा, खरं सांगतो, मी डोळे पुसले आणि म्हणालो, ‘अजून सर्विस हाय, तात्या.’