वुर्झबर्गचं नाणं

नकुल,

हे पत्र मी पाठवणार नाही. डाव्या हातानं लिहितेय, कारण उजवा तू मोडलास.

ते चांदीचं नाणं बाबांनी शेवटच्या आजारपणात माझ्या इलाला दिलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी वुर्झबर्ग या जर्मन शहरात बिशपच, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूच, राज्य करायचा, त्यानं पाडलेलं. आजोबा-नात भिंगातून त्याचा चेहरा बघत बसायची. बाबा माझ्याकडे आजारी असताना तू विमानानं दोन तासांवरच्या पार्सिपनीहून एकदाही आला नाहीस. तेराव्यानंतर नोव्हायला माझ्या घरी आलास आणि बूटही न काढता म्हणालास, "ताई, नाणं दे. मुलगा मी आहे."

मी नाणं मुठीत आवळलं. तू माझं मनगट किचन काउंटरवर आपटलंस. हाड मोडल्याचा आवाज ऐकूनही आपटत राहिलास. मी तुझ्या कानाला कडकडून चावले, तोंडात तुझं रक्त आलं. इला बॅट घेऊन धावली. "लीव्ह माय मॉम अलोन!" तू तिला ढकललंस. तिचं डोकं फ्रिजवर आदळलं, ती खाली पडली आणि माझी मूठ सुटली. नाणं उचलून तू तिला ओलांडून निघून गेलास.

पोलिसांना मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी तुला एअरपोर्टवर पकडलं. नाणं परत मिळेल म्हणतात, पण इलाला ते आता नकोय.

नाशिकला परत गेलेल्या आईचा काल फोन आला. "तक्रार मागे घे गं. भाऊ आहे तुझा. घरातलं घरात मिटव."

कपाळावर टाके घातलेली इला माझ्या शेजारीच बसली होती.

"आई, माझ्या घरात इला आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

शरयू