डोंगराचा पाय

२ सप्टेंबर १९३१
हिवरखेडहून बैलगाडीने कामावर पोचलो. ओव्हरसियर म्हणून पहिलीच स्वतंत्र नेमणूक! सातपुड्याच्या उतारावर फळ्यांचे ऑफिस, खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, हिरवा पट्टा पार तेल्हाऱ्यापर्यंत. मुकादम सूर्यभान हसतमुख माणूस आहे. उताराखाली मनकर्णाबाईंचा मळा. त्या एकट्याच राहतात. टोपलीभर वांगी घेऊन आल्या. रस्त्यासाठी पायथा बारा फूट कापायचा, कुठून ते मीच आखून दिले. माती पाहिली : वर दीड हात काळी, मग मुरूम, त्याखाली तांबडी, ओल्या साबणासारखी बुळबुळीत. तिच्याखाली कातळ. काम सोपे वाटते.

६ सप्टेंबर
चार दिवस झड. मनकर्णाबाई कामावर येऊन म्हणाल्या, "डोंगराचा पाय कापून राहिले तुमी, सायेब. मंग तो उभा कायच्या भरवशावर राहीन?" झाडांची मुळे माती धरून ठेवतात, असे मी समजावले. सूर्यभानने मान खाली घातली. वरचा साग उन्हाळ्यातच तोडलाय, हे मला त्याने आज सांगितले.

९ सप्टेंबर
वरच्या अंगाला भेग. बोटभर रुंद. काठी सोडली, तळ लागला नाही. पाणी मुरून तांबड्या थरावर साचत असणार. काम थांबवू का, अशी माझ्या वरच्या इंजिनिअर साहेबांना चिठ्ठी पाठवली.

११ सप्टेंबर
उत्तर आले : चालू ठेवा.
भेगेच्या दोन्हीकडे खुंट्या ठोकल्या. सकाळी अंतर एक हात, दुपारी सव्वा. बाईंच्या मळ्यातला झरा लाल झालाय. "हे पाणी असं कावून झालं?" पावसाने, म्हणालो. खोटे बोललो.

१२, दुपार
काम बंद केले. माझ्या हुकमाने. मजूर गावाकडे धाडले. बाई हलत नाहीत—

१३, सकाळ
ऊन पडले. सूर्यभान म्हणतो, टळले. खुंट्यांत दोन हात अंतर. पाणी तर आतच आहे—

दहा वाजता
सूर्यभान बाईंना हाताला धरून घेऊन निघाला. मी नकाशे घ्यायला आत आलो. दार आपोआप लागले. चौकट तिरपी झालीय, उघडत नाही. खिडकीला गज.
जमिनीखाली काहीतरी तुटतेय. एकामागून एक.
पायथा मी कापवला. सूर्यभानचा दोष नाही. हे कुणाला सापडले तर—
दोघे ओढ्यापलीकडे पोचले. दिसताहेत. तो परत फिरला! नको म्हणून ओरडलो. बाईंनी त्याला धरून ठेवलेय. धरा, बाई, सोडू नका—
ओढ्यापलीकडची झाडे वर चालली आहेत. सगळी. हळूहळू वर—
झाडे नव्हेत. मी खा