देवूच्या पाठीसाठी पाठवलेली गोधडी

निशी-कसाई, तोक्यो
नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप सरोजिनीताईंना,

जयमालाचा इतक्या लांबून जितकं वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. (इथे राहून कमरेत वाकायची सवय झाली आहे, तेव्हा नमस्कार चांगला खोल आहे असं समजावं.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही पुण्यात होतो तेव्हा ते इतके दुखत होते की वाईहून पुण्यापर्यंत येणं तुम्हांला जमलं नाही. नंदकिशोरभावजी म्हणाले, त्याच आठवड्यात तुम्ही मेणवलीपर्यंत चालत गेलात. पण भावजींना मेली वाढवून सांगायची सवय आहेच.

आम्ही तिघं सुखरूप पोचलो. तिघं म्हणजे तुमचे बंधुराज देवदत्त, मी आणि पुण्याच्या संस्थेतून दत्तक घेतलेली आमची सव्वा वर्षाची लेक. पासपोर्टावर तिचं नाव गीता आहे, पण ते संस्थेनं दिलेलं. तिथे आणखी एक गीता होती, म्हणून हिला सगळे ‘दुसरी गीता’ म्हणायचे. माणसानं जन्मभर दुसरं का म्हणून राहायचं? तूर्त आम्ही तिला नुसतं ‘बाळी’ म्हणतो. ताई, एक स्पष्टच लिहिते. तिला घरी आणलं त्या दिवशी तुम्ही याल म्हणून मी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते. तुमच्याऐवजी भावजी आले, हातात गोधडी आणि तुमचा निरोप घेऊन : ‘ही देवूच्या पाठीसाठी आहे, दुसऱ्या कुणासाठी नाही.’ मला फार लागलं ते. सासूबाईंच्या मऊ लुगड्यांची ती गोधडी मी न उलगडता हातातल्या पिशवीत ठेवली.

आता विमानाचं ऐका. बाळी तोवर माझ्याकडे पाहुणीकडे बघावं तशी बघत होती, म्हणजे ही बाई जाणार केव्हा, असं. विमान उडालं आणि तिला कळलं, की ही बाई काही जाणार नाही, उलट आपल्यालाच घेऊन निघाली आहे. मग तिनं जो भोंगा लावला! मी अंगाई म्हटली, आवाज वाढला. (माझा गळा तुम्हांला माहीत आहे, तिची चूक नाही.) शेजारी एक टाय लावलेले जपानी गृहस्थ होते. तिनं त्यांचा टाय धरला तो सोडेना, तेव्हा त्यांनी गळ्यातून काढून तो तिला देऊनच टाकला आणि वर आमचीच माफी मागितली. टाय आमच्याकडेच राहिला आहे. शेवटी देवदत्तनं थंडी वाजते म्हणून तुमची गोधडी काढून अंगावर घेतली. छाती झाकावी तर पाय उघडे, पाय झाकावे तर छाती, अशी त्याची ओढाताण चालली होती. तेवढ्यात बाळीनं टाय टाकला, गोधडी ओढून घेतली, कोपरा तोंडात घातला आणि गपकन झोपली. माझ्या मांडीवर, ताई. पहिल्यांदाच. माझी मांडी बधिर झाली तरी मी हलले नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण नारिताहून घरी येताना तुमच्या भावानं गोधडी आगगाडीच्या फळीवर ठेवली (पाठ दुखत होती ना!) आणि निशी-कसाईला आम्ही तीन बॅगा, एक मूल, एक टाय एवढं मोजून उतरलो. गाडी सुटली आणि बाळीनं हात पसरले. पुढचं सांगत नाही, सगळ्या स्टेशनानं ऐकलं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत गोधडीला जपानीत काय म्हणतात ते देवदत्तला येईना. ऑफिसात कॉम्प्युटरांचं दोन हजार सालचं संकट निस्तरणारा माणूस, पण तिथे त्यानं ‘आईचे कपडे, एकावर एक, खूप टाके’ असं सांगितलं. त्या बिचाऱ्या बाबूनं मान डोलावून शेवटच्या स्टेशनाला फोन लावला. उलट्या गाडीनं गोधडी आली, पांढऱ्या हातमोज्यांत, देवाच्या वस्त्रासारखी घडी घातलेली. बाबूनं विचारलं, बाळाची का? देवदत्त ताठ मानेनं म्हणाला, नाही, माझी. बाबूनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गोधडीकडे पाहिलं आणि वाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही साबणाचे खोके घेऊन बिल्डिंगभर फिरलो. इथे घरात मूल आलं, की ते रडण्याआधीच शेजाऱ्यांची माफी मागून ठेवायची रीत आहे. (आपल्याकडे रडून झाल्यावरसुद्धा कुणी मागत नाही.) प्रत्येक दारात आम्ही वाकलो, दारातली माणसं वाकली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत बाळीही गोधडीसकट वाकायला लागली. खालच्या मोरीता-सान तिला बघून म्हणाल्या, अगदी वडिलांवर गेली आहे. देवदत्त तेव्हापासून आरशासमोर जरा जास्त वेळ उभा असतो.

प्रकृतीला जपावं. गुडघ्यांना तेल लावत जावं.

तुमची,
जयमाला

ता. क. – पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. बाळीचं बारसं व्हायचं आहे. मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, त्यात आईबापाचं काही चालत नाही, आणि आत्या आम्हांला एकच आहे. नाव तुम्ही ठरवा, आम्ही विचारणार नाही. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला इथे आळीतल्या बायका नाहीत, म्हणून मी मोरीता-सानना शिकवलं आहे. त्या तयार आहेत, फक्त आतापासूनच तुमची माफी मागताहेत.

आणखी ता. क. – देवूचे सदरे तो शाळेत होता तेव्हापासून तुम्ही शिवता. बाहीसुद्धा कधी बोटभर चुकली नाही. तुमचा भाऊ सहा फूट आणि गोधडी माझ्या हातानं जेमतेम दोन हात, बाळीच्या डोक्यापासून पायापर्यंत बरोब्बर. ती हातात घेतली तेव्हा रागात होते, म्हणून मला दिसलं नाही. विमानात मांडीवर पसरली तेव्हा दिसलं आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले. देवदत्तला अजून काही कळलेलं नाही. बाळीनं आपली गोधडी लाटली असंच तो समजतो, आणि तुम्हांला पत्र टाकून दुसरी, जरा लांब, मागणार आहे. ती पाठवू नका, घेऊन या.